ओळीत उभे राहण्याचा इतिहास

दर बुधवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता, सिडनीच्या पश्चिमेकडील एका उपनगरात, नगरपरिषदेच्या क्रीडा केंद्रातील लाकडी फरशीच्या दालनात आम्ही वीस-बावीस जण ओळी करून उभे राहतो. त्यात सामोआहून आलेला एक ट्रकचालक आहे, दोन फिलिपिनो परिचारिका आहेत, सत्तरी ओलांडलेल्या एक क्रोएशियन आजीबाई आहेत, आणि दिवसभर संगणकासमोर बसून पाठीचा कणा वाकवून घेतलेली माझ्यासारखी तीन-चार माणसे आहेत. संगीत सुरू होते, प्रशिक्षिका आकडे मोजू लागते, आणि पुढची पन्नास मिनिटे आम्ही सगळे एकाच तालावर उठतो-बसतो.

याआधी मी एका व्यायामशाळेची वर्षभराची वर्गणी भरली होती. जे मोजता येते ते सुधारता येते, या आमच्या व्यवसायातील श्रद्धेनुसार मोबाइलवर आलेखही काढले होते. तो प्रकल्प सातव्या आठवड्यात बंद पडला. आलेख मात्र अजून आहेत. या सामूहिक वर्गाला मला दोन वर्षे होत आली, आणि मी फारच थोडे बुधवार चुकवले आहेत. हे का घडले असावे, याचे उत्तर शोधताना मी आधी संगीताकडे पाहिले, मग वेळेच्या सोयीकडे. खरे उत्तर एका लहानशा प्रसंगात होते. एका बुधवारी, सगळे धापा टाकत असताना, प्रशिक्षिका समोरून मोठ्याने म्हणाली, ‘मागची ओळ, तुमचं उत्तम चाललंय!’ त्या क्षणी मला दोन गोष्टी जाणवल्या. एक, माझ्या गुडघ्यांत अचानक बळ आले होते. दुसरी, मी पहिल्या दिवसापासून मागच्या ओळीत, दाराजवळ उभी राहत होते, आणि ती जागा मला कोणीही दिलेली नव्हती. ती मीच घेतली होती.

ही सवय माझ्यात कोठून आली, हे पाहताना मी इतिहासाच्या पुस्तकांकडे वळले. पुढील मजकूर त्या वाचनातून झाला आहे.

महाराष्ट्रात एकत्र व्यायाम करण्याची जुनी जागा म्हणजे तालीम. तांबडी माती, समोर वस्ताद, आणि एकमेकांच्या जोरावर मेहनत करणारी मुले. तालमीत कोणी उतरायचे आणि कोणी बाहेर थांबायचे, हे बहुतेक ठिकाणी गावाच्या रचनेनेच ठरलेले असे. कुस्ती म्हणजे स्पर्श, आणि स्पर्श कोणाचा चालतो हे गावाला पाठ होते. म्हणूनच पुण्याच्या गंज पेठेतील लहुजी साळवे यांची तालीम हा मला एक विलक्षण अपवाद वाटतो. मातंग समाजात जन्मलेल्या लहुजी वस्तादांकडे तरुण जोतीराव फुले दांडपट्टा शिकले. पुढे जोतीरावांनी मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, तेव्हा लहुजी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शाळेच्या इतिहासात आपण फळा आणि पाटी पाहतो. त्या शाळांच्या मागे एक आखाडा होता, हे सहसा ध्यानात येत नाही. शिवाय तेथील गुरू अस्पृश्य होता, आणि शिष्य त्याच्याकडे चालत येत होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पुण्यात ही उलटापालट घडली ती मातीत.

दुसरी जागा होती लष्कर. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार मोठ्या संख्येने होते. सैन्यात त्यांना बंदूक आणि पगार मिळाला, आणि मुलांसाठी शाळा मिळाली. पण त्याहून अगोदर त्यांना कवायत मिळाली. गावात ज्याची सावली चुकवली जाई, तो माणूस येथे खांद्याला खांदा लावून उभा राहत होता, आणि त्याचे पाऊल शेजाऱ्याच्या पावलाशी जुळणे हे त्याचे कर्तव्य होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करातून निवृत्त झाले, आणि १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका घेऊन पुढे आले. सरळ उभे राहण्याची सवय शरीराला आधी लागली आणि लेखणीला नंतर, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होईल; पण अगदीच खोटेही होणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. वलंगकरांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज तयार केला; १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली, तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. आपण हे अर्ज नोकरीसाठीचे अर्ज म्हणून वाचतो, आणि ते तसे होतेही. माझ्या वाचनात मात्र त्यांत आणखी एक मागणी ऐकू येते: आम्हाला पुन्हा ओळीत घ्या.

१९२०च्या दशकातील मुंबई हे या गोष्टीतील पुढचे ठिकाण. जुलै १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कामे सांगताना आपण सोलापूरचे वसतिगृह आणि मुंबईतील मोफत वाचनालय यांचा उल्लेख करतो. त्याच यादीत आणखी एक नाव आहे, ते सहसा वाचताना निसटून जाते: महार हॉकी क्लब. जुगार आणि दारू यांपासून तरुणांना दूर ठेवावे, म्हणून सभेने तो चालवला. मी हे प्रथम वाचले तेव्हा थोडी हसले. वसतिगृह, वाचनालय आणि हॉकी! पण त्या कार्यकर्त्यांना एक गोष्ट पक्की कळलेली होती. ‘पिऊ नकोस’ असे सांगून माणूस सुधारत नाही. संध्याकाळी सहा वाजता मैदानावर दहा जण त्याची वाट पाहत असतील, तर मात्र त्याचे पाय गुत्त्याकडे वळण्याआधी थबकतात. आज दारू सोडवणाऱ्या आणि वजन घटवणाऱ्या गटांचा सारा भर याच एका गोष्टीवर असतो.

मैदानावर एकत्र येणे पुरेसे नव्हते, हेही त्या काळाने दाखवले. पळवणकर बाळू हे आपल्या काळातील हिंदुस्थानातील श्रेष्ठ फिरकी गोलंदाज. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु पुण्यात खेळताना सहकाऱ्यांना चहा तंबूत मिळे, आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यात दिला जाई. चेंडू त्यांच्या हातून सगळ्यांनी घ्यायचा. कप मात्र वेगळा. त्यांचे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले, त्याला बाळूंची सारी कारकीर्द खर्ची पडावी लागली.

मग महाड. २० मार्च १९२७ रोजी लोक परिषदेच्या मंडपातून चवदार तळ्याकडे निघाले, ते ओळीने आणि शिस्तीने. आपण त्या दिवसाचे चित्र काढतो तेव्हा ओंजळीतले पाणी काढतो. मला अलीकडे त्याआधीची चाल अधिक दिसू लागली आहे. परिषदेसाठी आलेल्यांत कोकणातील निवृत्त सैनिक होते. तळ्यावरून परतल्यावर, जेवणाच्या तयारीत असलेल्या प्रतिनिधींवर जमावाने काठ्यांनी हल्ला केला. त्या माजी सैनिकांना प्रतिकार करणे अवघड नव्हते, आणि अनेकांची तशी तयारीही होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले, आणि ते थांबले. ज्याने कधी कवायत केलेली नाही त्याला हे ‘थांबणे’ किती कठीण आहे, याची कल्पना येणार नाही. पुढे जाण्याच्या हुकमापेक्षा उभे राहण्याचा हुकूम पाळताना शरीर अधिक थरथरते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. अस्पृश्य म्हणून ओळखू येईल अशा पद्धतीने लुगडे नेसू नका, कथिला-चांदीचे ओझे हातापायांत घालू नका, असे त्यांनी सांगितले. आणि अनेक जणींनी तेथेच लुगडे नेसण्याची पद्धत बदलली. हा पोशाखाचा प्रश्न म्हणून सांगितला जातो. मी तो शरीराचा प्रश्न म्हणून वाचते. हातापायांतील ते जड अलंकार उतरवल्यानंतर त्या दुसऱ्या दिवशी कशा चालल्या असतील? एकटीने नेसण बदलली असती तर गावाने तिला टोमणे मारून परत वळवले असते. सगळ्याजणींनी एकत्र बदलली, म्हणून ती टिकली.

महाडच्या या संघर्षाच्या पार्श्वभूमीवर समता सैनिक दल उभे राहिले. गणवेश, रांगा, पहाटेची कवायत. माझे आजोबा त्या दलात होते. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तिच्यासोबत समता सैनिक दलाची परिषदही झाली, आणि सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांचीही. आजोबा तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्या परिषदेतील भाषणे आज आपण ग्रंथांतून अभ्यासतो. आजोबांना त्यातले फारसे आठवत नसे. त्यांना आठवत असे ते हे, की पावसाने चिखल झाला होता, त्यांच्याकडे वहाणा नव्हत्या, आणि शेजारी उभा असलेला अनोळखी मुलगा हळू आवाजात त्यांच्यासाठी पावले मोजत होता. डावा, उजवा, डावा, उजवा. ‘तो नसता तर मी घरी गेलो असतो,’ असे ते म्हणत. १९५६च्या ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत दोरी धरून उभ्या राहिलेल्या स्वयंसेवकांत ते होते. तो मुलगा पुन्हा त्यांना कधी भेटला नाही.

येथे एक गैरसोयीची गोष्ट सांगितली पाहिजे. ओळ ही स्वतः न्यायी नसते. त्याच नागपुरात १९२०च्या दशकापासून रोज शाखा भरत होती, आणि तिच्यातही गणवेश, आज्ञा आणि एकत्र व्यायाम होता. युरोपात तर ही जुनी कथा आहे. १८११ साली बर्लिनजवळच्या हाझेनहाइड मैदानावर फ्रीड्रिश यान याने तरुणांना एकत्र करून कसरती सुरू केल्या, त्या नेपोलियनविरुद्धच्या राष्ट्रभावनेसाठी. अमेरिकन इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी १९९५ साली एक ग्रंथच या विषयावर लिहिला. १९४१ मध्ये ते टेक्ससच्या छावणीत नवे सैनिक होते. पुरेशा तोफा नव्हत्या, म्हणून अधिकारी त्यांना तासन्‌तास नुसते चालवत. ते निरर्थक होते हे मॅकनील यांना कळत होते, आणि तरीही चालताना आपण मोठे झालो आहोत, आपल्याहून विशाल अशा कशात तरी मिसळलो आहोत, असा आनंद त्यांना होत असे. अर्ध्या शतकानंतर त्यांनी त्या आनंदाला स्नायूंनी जोडलेले बंधन म्हटले, आणि याच बंधनाचा हिटलरनेही उपयोग केला, हे नोंदवायला ते विसरले नाहीत. (१९४१च्या ऑक्टोबरमध्येच बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहत होती. दोन खंडांत एकाच ऋतूत माणसे पावले जुळवत होती.) तेव्हा पावले कोणाशी जुळली याला महत्त्व आहे, आणि त्याहून अधिक महत्त्व आहे ते ओळीबाहेर कोणाला ठेवले याला.

हे मला शाळेत कळले. तालुक्याच्या ठिकाणच्या आमच्या शाळेत स्वातंत्र्यदिनासाठी लेझीमचे पथक निवडले जाई. आमच्या वस्तीतील मुले त्यात कधी नसत. कारण दिले जाई ते पांढऱ्या बुटांचे. एका वर्षी माझ्या आईने उसनवार करून बूट आणले. त्या वर्षी कारण उंचीचे झाले. मी कार्यक्रमाच्या दिवशी मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून इतरांचे हात पाहत होते. त्यानंतरच्या चौदा एप्रिलसाठी आजोबांनी विहाराच्या अंगणात आम्हा नऊ मुलांचे पथक काढले. लेझिमी चार होत्या. बाकीच्यांनी हात नुसते हलवायचे. आजोबांचा आवाज अजून कानात आहे: ‘मागची ओळ, ऐकू आलं का? तुमच्यावरच सगळं आहे.’ त्यांना कवायतीचे एक जुने रहस्य ठाऊक होते. पुढची ओळ प्रेक्षकांना दिसते. ताल मात्र मागच्या ओळीवर तुटतो किंवा टिकतो.

विज्ञानाने या रहस्याकडे आपल्या पद्धतीने पाहिले आहे. १८९८ साली अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यांनी असे दाखवले की एकट्या सायकलस्वारापेक्षा सोबत असलेला सायकलस्वार वेगाने जातो. मग त्यांनी मुलांना दोरा गुंडाळण्याच्या चक्रावर बसवून तेच तपासले. १९२६ मध्ये ऑटो कोलर यांनी बर्लिनमधील नौकानयन मंडळाच्या सदस्यांना एक वजनी दांडा एकत्र उचलायला लावला. त्यांना आढळले की जोडीतील दुबळा माणूस एकटा असताना जितका टिकतो, त्याहून अधिक वेळ दुसऱ्याबरोबर टिकतो, कारण तो थकला तर दोघांचेही काम थांबते. दोघांच्या ताकदीतील अंतर मध्यम असेल, तर हा परिणाम सर्वाधिक. अंतर फारच मोठे असेल तर तो ओसरतो. आणि २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या बारा नौकापटूंवर झालेल्या एका अभ्यासात, पंचेचाळीस मिनिटे एकट्याने वल्हवल्यानंतर आणि तेवढेच एकत्र वल्हवल्यानंतर वेदना सोसण्याची क्षमता मोजली गेली. श्रम सारखेच होते. एकत्र वल्हवल्यानंतर वेदना उशिरा जाणवली.

कोलर यांचा निष्कर्ष मी अनेकदा वाचला. दुबळ्याला बळ कधी येते? आपल्यावाचून काम अडेल, हे त्याला जाणवते तेव्हा. पाण्याच्या टाकीजवळ उभ्या असलेल्या मुलीवाचून काहीच अडत नव्हते.

आता ज्या देशात आपण राहतो त्याच्याकडे येऊ. ऑस्ट्रेलियाला आपल्या समुद्रकिनाऱ्यावरील स्वयंसेवकांचा अभिमान आहे. १९०७ साली बाँडाय येथे जीवरक्षकांचे मंडळ स्थापन झाले. दोरीच्या चाकाभोवती ओळीने कवायत करणारे ते तरुण या राष्ट्राचे जणू चित्रच बनले. त्या ओळीत स्त्रियांना पूर्ण सदस्य म्हणून गस्तीवर येण्यासाठी १९८० साल उजाडावे लागले. आणि या भूमीच्या मूळ रहिवाशांना तर पोहण्याच्या तलावाच्या दारातच अडवले जाई. न्यू साऊथ वेल्सच्या उत्तरेला मोरी नावाचे गाव आहे. १९५५ मध्ये तेथील नगरपरिषदेने आदिवासींना सार्वजनिक तलावात मज्जाव करणारा ठराव केला. मुलांना शाळेच्या गटाबरोबर ठरावीक वेळी येता येई, मग त्यांनी बाहेर पडायचे.

फेब्रुवारी १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक बस त्या भागात फिरली. तिचे नेतृत्व चार्ल्स पर्किन्स या आदिवासी विद्यार्थ्याने केले. २० फेब्रुवारीला हे विद्यार्थी आदिवासी मुलांना घेऊन मोरीच्या तलावाच्या दारात उभे राहिले. जमावाने अंडी आणि टोमॅटो फेकले, धक्काबुक्की केली, विद्यार्थी तासन्‌तास हटले नाहीत. चवदार तळ्याला तेव्हा अडतीस वर्षे होत आली होती. या दोन तळ्यांची तुलना आपल्या सभांतून मी अनेकदा ऐकली आहे. पर्किन्स यांच्याविषयी एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. ते उत्तम फुटबॉलपटू होते, आणि विद्यापीठाचा खर्च त्यांनी फुटबॉल खेळून भागवला. ॲडलेडमध्ये ते क्रोएशियन स्थलांतरितांच्या संघाकडून खेळले आणि सिडनीत ग्रीक स्थलांतरितांच्या पॅन-हेलेनिक संघाकडून. ज्या देशाचे ते मूळ रहिवासी, तेथील गोऱ्या समाजाने त्यांना दारात अडवले. कालपरवा बोटीतून उतरलेल्या, मोडके इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनी मात्र त्यांना आपल्या संघात घेतले. आमच्या वर्गातील क्रोएशियन आजीबाईंना मी हे सांगितले. त्यांना ठाऊक होते. त्यांच्या दिवंगत पतींनी तो संघ पाहिलेला होता.

मॅरेथॉन धावपटू रॉब डी कॅस्टेला यांनी सुरू केलेल्या उपक्रमातून २०१० साली चार आदिवासी तरुण न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये धावले. या उपक्रमाचे वैशिष्ट्य असे की निवडलेल्या धावपटूने केवळ धावायचे नसते; इतरांना चालते-धावते करण्याचे प्रशिक्षणही त्याने घ्यायचे असते. धावपटू परत जातो, तेव्हा त्याच्या गावाला एक वस्ताद मिळतो.

आणि ‘पार्करन’. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये तेरा जण पाच किलोमीटर धावले, तेथून त्याची सुरुवात झाली. एप्रिल २०११ मध्ये गोल्ड कोस्टच्या मेन बीचवर तो ऑस्ट्रेलियात आला, आणि आज येथे शेकडो उद्यानांत शनिवारी सकाळी विनामूल्य भरतो. आपली अनेक कुटुंबे त्यात जातात. त्याच्या नियमांत एक पद आहे, ते मला फार आवडते: ‘टेल वॉकर’. हा स्वयंसेवक सगळ्यांच्या मागून चालतो, शेवटच्या माणसाबरोबर राहतो, आणि अखेरची रेषा त्या माणसानंतर ओलांडतो. म्हणजे कोणीही आलेले असो, शेवटचा क्रमांक आधीच घेतलेला असतो. आमच्या शाळेच्या मैदानावर असा एखादा माणूस नेमला असता तर काय झाले असते, हा विचार मी करू नये असे ठरवते आणि तरी करते.

गेल्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी येथे आली होती. ती अंगणवाडी सेविका होती. त्याआधी, मुलगी असताना, तिने शेतमजुरी केली. शरीर तिने आयुष्यभर वापरले ते कामासाठी. व्यायाम हा शब्द तिच्या लेखी पुरुषांचा आणि पैसेवाल्यांचा. गुडघे दुखत होते म्हणून डॉक्टरांनी पाण्यातील व्यायाम सुचवला. आमच्याच क्रीडा केंद्रात मंगळवारी सकाळी दहाला ज्येष्ठांसाठी तसा वर्ग असतो. दोन आठवडे ती ‘बघू’ म्हणत राहिली. पोशाखाची अडचण होती. ती तुलनेने सोपी निघाली. अहेदा झानेट्टी या लेबनीज वंशाच्या सिडनीकर स्त्रीने २००४च्या सुमारास अंगभर पोहण्याचा पोशाख तयार केला, तेव्हापासून या शहरातील तलावांना झाकलेले हातपाय परके राहिलेले नाहीत. आम्ही लांब बाह्यांची ‘रॅशी’ आणि घोट्यापर्यंतची तुमान घेतली.

खरी अडचण वेगळी होती. पहिल्या मंगळवारी ती काठावर बसून राहिली. पाय पाण्याच्या वर, दुमडलेले. तिच्या लहानपणी तिच्या गावात विहीर वेगळी होती; आणि जी मोठी विहीर होती तिच्या काठावर आपली बायामाणसे घागर घेऊन, कोणीतरी वरून पाणी ओतील म्हणून थांबत. हे तिने मला कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी, क्लोरीनच्या वासात, वर्ग चालू असताना तिने ते सांगितले, आणि विचारले, ‘इथं माझे पाय लागले तर कुणी काही म्हणत नाही ना?’

मी उत्तर देण्याआधीच आमच्या बुधवारच्या क्रोएशियन आजीबाई, ज्या मंगळवारीही येत, पाण्यातून चालत काठाशी आल्या. त्यांनी एक फोमची नळी आईकडे सरकवली आणि दुसरा हात पुढे केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आई पायरीवर उतरली, मग दुसऱ्या पायरीवर. प्रशिक्षकाने तिच्या नावाचा उच्चार तीन वेळा चुकवला, चौथ्यांदा बरोबर केला, आणि सगळ्यांनी पाण्यावर हात आपटून तिचे स्वागत केले. त्या दिवशी ती शेवटच्या ओळीत, कठडा धरून उभी राहिली. मी काठावरून मोजत होते: डावा, उजवा, डावा, उजवा.

सहाव्या मंगळवारी मला कार्यालयीन बैठकीमुळे निघायला उशीर झाला. आई पिशवी घेऊन दारात उभी होती, रॅशी आधीच अंगात.

‘चल लवकर,’ ती म्हणाली. ‘उशीर झाला की माझी जागा जाते.’

‘कठड्याजवळची?’

‘नाही गं. पुढची.’